आधी माती तपासा, मग घर बांधा

पुनर्विकासाची बैठक लागली की वस्तीत काही ठरलेले प्रश्न विचारले जातात. घर किती चौरस फुटांचे? कितव्या मजल्यावर? भाडे किती महिने मिळणार? पात्रतेच्या यादीत आमचे नाव आहे का? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण एक प्रश्न बहुतेक बैठकांत राहून जातो. ज्या जमिनीवर ही इमारत उभी राहणार आहे तिच्या पोटात काय आहे? आधी तिथे कारखाना होता, भट्टी होती, की कचऱ्याचा भराव? आणि ती जमीन माणसांनी, लहान मुलांनी राहण्याजोगी आहे हे कोणी तपासले आहे का?

या वेळच्या आरोग्याच्या पानावर आपण हाच प्रश्न समजून घेऊ. जमिनीची तपासणी म्हणजे काय, तिचा खर्च कोणी करायचा, आणि तो मागण्यासाठी आपल्या हातात काय आहे, ते क्रमाने पाहू.

जमीन आजारी कशी पडते

कारखाना बंद पडतो, यंत्रे भंगारात जातात, पत्रे निघतात आणि जागा मोकळी दिसू लागते. पण वर्षानुवर्षे सांडलेले, पुरलेले, जाळलेले तिथेच मुरलेले असते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळले जात असेल तर मातीत शिसे राहते. चामडे कमावले जात असेल तर क्रोमियम राहतो. पेट्रोलच्या जुन्या टाक्या गळत असतील तर बेन्झीनसारखी रसायने खाली झिरपतात. कचऱ्याच्या भरावातून काळे पाणी पाझरते आणि मिथेन वायू निघत राहतो. शिसे किंवा क्रोमियम हे धातू आहेत. ते कुजत नाहीत, उन्हाने नाहीसे होत नाहीत. कारखाना बंद होऊन तीस वर्षे झाली तरी ते जिथल्या तिथे असतात.

हे विष आपल्या शरीरात चार वाटांनी येते. मुले मातीत खेळतात आणि तोच हात तोंडात घालतात, ही पहिली वाट. बोअरवेल किंवा हातपंपाचे पाणी ही दुसरी. त्या मातीत लावलेली भाजी ही तिसरी. चौथी वाट डोळ्याला दिसत नाही. काही रसायनांची वाफ जमिनीतून वर येते आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरते.

यात सर्वांत जास्त धोका सहा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला असतो. शिशाचेच उदाहरण घ्या. शरीरात शिशाचे अमुक एक प्रमाण सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशामुळे मूल एकाएकी आजारी दिसत नाही. ते खेळते, जेवते, शाळेत जाते. पण त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही, रक्त कमी होते. शाळेत ‘हे पोर ढ आहे’ असा शिक्का बसतो. दोष पोराचा नसतो, तो पायाखालच्या मातीचा असू शकतो. मेंदूचे झालेले हे नुकसान नंतर औषधाने पूर्ण भरून येत नाही, म्हणून मूल तिथे राहायला जाण्याआधीच तपासणी व्हायला हवी.

‘माती परीक्षण झाले आहे’ या वाक्याला फसू नका

बांधकाम करणारा बैठकीत सांगतो, ‘माती परीक्षण झाले आहे, काळजी नको.’ हे खरेही असते. पण ते परीक्षण बहुधा पायाच्या मजबुतीचे असते. इमारतीचा भार जमीन पेलेल का, मुरूम किती खोल आहे, पाणी किती फुटांवर लागते, एवढेच त्यात पाहतात. त्या मातीत शिसे आहे का, आर्सेनिक आहे का, हे त्यात तपासलेले नसते. इमारत भक्कम उभी राहील आणि आत राहणारी माणसे आजारी पडतील, असे होऊ शकते. दोन्ही तपासण्या वेगळ्या आहेत, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

विषारी घटकांची तपासणी साधारण दोन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात खणत नाहीत. जमिनीचा इतिहास शोधतात. जुने नकाशे, परवाने आणि मालकीची कागदपत्रे पाहतात. जागेवर फिरून डाग, टाक्या, वास, सुकलेली झाडे पाहतात. आणि आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना विचारतात. येथे आपल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण फार मोलाची असते. कोणत्या कोपऱ्यात कारखान्याचे पाणी सोडत, रात्री कुठे पिंपे पुरत, कोणती विहीर कधीपासून बिघडली, हे कागदावर नसते. ते आजी-आजोबांना माहीत असते.

पहिल्या टप्प्यात संशय आला तर दुसरा टप्पा. त्यात वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि भूजल यांचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. त्यावरून कळते की विष आहे का, कोणते, किती आणि कुठवर पसरले आहे. मगच ठरते की माती उचलायची, वर स्वच्छ मातीचा जाड थर द्यायचा, की त्या जागी घरे बांधायचीच नाहीत. तपासणीत कधी जागा स्वच्छही निघते. तेही कळणे महत्त्वाचे, कारण मग भीतीपोटी जमीन पडून राहत नाही.

खर्च कोणी करायचा?

नमुने घेणे आणि प्रयोगशाळेत तपासणे हे खर्चाचे काम आहे. वस्तीने वर्गणी काढून ते होत नाही. बांधकाम करणाऱ्याला त्यात रस नसतो, कारण काही निघाले तर त्याचाच खर्च वाढतो. ज्याने घाण केली तो कारखानदार तर कधीच निघून गेलेला असतो. म्हणजे ज्यांना तपासणीची गरज आहे त्यांच्याकडे पैसा नाही, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना गरज नाही. ही कोंडी सरकारी पैशानेच फुटू शकते.

अमेरिकेत ती कशी फोडली ते पाहण्यासारखे आहे. तिथे अशा संशयित, पडीक जागांना ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या अंदाजाने देशात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा आहेत. १९८० च्या कायद्याने तिथे प्रदूषित जमीन साफ करण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. हे योग्यच होते. पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. जागेत काही निघाले तर आपल्या गळ्यात पडेल या भीतीने कोणी अशा जागेला हातच लावीना. जागा ओसाड राहिल्या आणि त्यांच्या शेजारी राहणारी माणसे बहुतेक गरीब होती.

म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने अशा जागांच्या तपासणीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. सुरुवातीचे अनुदान दोन लाख डॉलरपर्यंतचे होते. जानेवारी २००२ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. २०१८ च्या दुरुस्तीने सेवाभावी संस्थांनाही तपासणीसाठी अर्ज करता येऊ लागला. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कामासाठी पाच वर्षांत १५० कोटी डॉलर ठेवले.

या योजनेतील चार गोष्टी आपण नीट समजून घेतल्या पाहिजेत. एक, हे कर्ज नाही, अनुदान आहे. दोन, तपासणीच्या अनुदानात अर्जदाराला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. तीन, ज्याने ती जागा प्रदूषित केली त्याला हा पैसा मिळत नाही. चार, प्रयोगशाळेच्या खर्चाबरोबरच रहिवाशांच्या सभा घेणे, त्यांना अहवाल समजावून सांगणे आणि जागेवर पुढे काय व्हावे याचा आराखडा करणे, हा खर्चही त्यात धरतात. लोकांना सामील करून घेणे हा तपासणीचाच भाग मानला आहे.

स्पार्टनबर्गच्या वस्तीची गोष्ट

दक्षिण कॅरोलायना राज्यात स्पार्टनबर्ग नावाचे गिरण्यांचे शहर आहे. त्याच्या दक्षिण भागात आर्कराइट आणि फॉरेस्ट पार्क या काळ्या लोकांच्या वस्त्या आहेत. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथल्या काळ्या जनतेचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील सारखेपणा सांगितला होता. तो सारखेपणा जमिनीच्या बाबतीतही दिसतो. या वस्त्यांच्या एका बाजूला बंद पडलेला खत कारखाना होता. दुसऱ्या बाजूला शहराची जुनी कचराभूमी होती. शेजारीच एक चालू रसायन कारखाना होता. जवळपास दवाखाना नव्हता, धड रस्ते नव्हते.

हॅरोल्ड मिचेल हे खत कारखान्यासमोरच्या घरात वाढलेले. स्वतःचे आजारपण आणि घरातील मृत्यू यांमुळे ते विचार करू लागले आणि शेजाऱ्यांच्या घरोघरी विचारपूस करू लागले. त्यातून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘रीजेनेसिस’ ही रहिवाशांची संघटना उभी राहिली. १९९८ मध्ये तिला केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याकडून २० हजार डॉलरचे छोटे अनुदान मिळाले. एवढ्या पैशात जमीन साफ होत नाही. पण सभा घेता आल्या, माहिती गोळा करता आली, लोक एकत्र आले. पुढे शहराबरोबर मिळून ब्राउनफील्ड तपासणीसाठी दोन लाख डॉलर मिळाले.

तपासणीचा अहवाल हातात आला आणि चित्र पालटले. तोवर रहिवासी जे सांगत होते ती ‘तक्रार’ होती. आता तो सरकारी कागदावरचा पुरावा झाला. त्याच्या बळावर शहर, जिल्हा, राज्य, केंद्र, कारखाने, विद्यापीठ, बँका अशा शंभराहून अधिक भागीदारांना एका टेबलावर बसवता आले. कचराभूमी आणि कारखान्याची जागा साफ करण्याचे काम सुरू झाले. वस्तीचे स्वतःचे आरोग्य केंद्र उभे राहिले. शेकडो नवी परवडणारी घरे झाली. पुढच्या काळात या भागात सर्व मिळून २५ कोटी डॉलरहून अधिक पैसा आला. मिचेल पुढे राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले.

आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मोठा पैसा आधी आला नाही. आधी छोटा पैसा आला, तो तपासणीसाठी आणि संघटनेसाठी. आणि तपासणीनंतर तिथे काय व्हावे हे रहिवाशांनी सांगितले. त्यांनी दवाखाना मागितला आणि घरे मागितली.

दोन सावधगिऱ्या

अमेरिकेतही सगळे गोड नाही. जागा साफ झाली की आजूबाजूच्या घरांच्या किमती वाढतात. तिथल्या एका अभ्यासात ही वाढ सुमारे ५ ते १५ टक्के दिसली. ज्याचे घर स्वतःचे आहे त्याला फायदा, पण भाडेकरूला भाडे परवडेनासे होते. ज्यांनी आयुष्यभर विष सोसले तेच साफसफाईनंतर बाहेर फेकले जाण्याची भीती असते. म्हणून तपासणी मागतानाच ‘साफ झालेल्या जागेवर पहिला हक्क कोणाचा’ हेही लिहून घ्यावे लागते.

दुसरी सावधगिरी कागदाच्या ताकदीची. गरीब आणि काळ्या वस्त्यांवर प्रदूषणाचा जास्त बोजा पडतो, तो दूर करावा, असा आदेश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९९४ मध्ये काढला होता. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो एका सहीने रद्द केला. ब्राउनफील्डचा पैसा मात्र कायद्यात लिहिलेला आहे, तो एका सहीने पुसता येत नाही. भाषणातले आश्वासन, आदेशातली ओळ आणि कायद्यातले कलम यांत केवढा फरक आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे घर आधी आणि तपासणी नंतर, असे अनेकदा झाले आहे. मुंबईतील माहुलचे उदाहरण हवेच्या प्रदूषणाचे आहे, पण धडा तोच आहे. तेथील हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केले होते. तरीही नंतर तानसा जलवाहिनीलगतची हटवलेली कुटुंबे तिथल्या इमारतींत पाठवली गेली. लोकांना लढावे लागले, तेव्हा २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. आता धारावीच्या पुनर्वसनासाठी देवनारच्या कचराभूमीतील सुमारे १२४ एकर जागा देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आहे. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला आहे. तिथे घर मिळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माती, पाणी आणि वायू यांच्या तपासणीचा अहवाल मागण्याचे कारण आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली प्रदूषित जागांविषयी नवी नियमावली लागू केली. त्या वेळी देशात अशा १०३ जागा निश्चित झालेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाईचे काम फक्त ७ ठिकाणी सुरू होते. नियमावलीतील आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून अथवा लोकांच्या तक्रारीवरून संशयित जागा शोधायच्या आणि दर सहा महिन्यांनी त्यांची यादी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. संशय खरा वाटला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची. सफाईचा खर्च ज्याने प्रदूषण केले त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा देऊ शकत नसेल तर तो सरकारने करायचा.

यात उणिवाही आहेत. कचराभूमीतील साध्या घनकचऱ्यामुळे झालेले प्रदूषण या नियमांतून वगळले आहे. मात्र त्यात विषारी रसायने मिसळून ती मर्यादेबाहेर गेली असतील तर जागा नियमांत येते. म्हणजे तिथेही आधी तपासणी हवीच. शिवाय अमेरिकेप्रमाणे रहिवाशांच्या संस्थेने अर्ज करावा आणि तपासणीचा पैसा मिळवावा, अशी सोय या नियमावलीत नाही. ती मागणी आपल्याला लावून धरावी लागेल.

वस्तीने काय करावे

१. विहारात किंवा समाजमंदिरात एक बैठक घ्या. जुन्या रहिवाशांकडून जमिनीचा इतिहास लिहून घ्या. कोणता कारखाना, कोणत्या साली, कुठे काय पुरले, कोणते पाणी बिघडले. साधा नकाशा काढा आणि सह्या घ्या. तपासणीचा पहिला टप्पा इथूनच सुरू होतो.

२. महापालिका किंवा नगरपालिका, जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या तिन्हींना लेखी अर्ज द्या. ‘२०२५ च्या नियमावलीनुसार ही जागा संशयित यादीत घेऊन तिची प्राथमिक तपासणी करावी’ असे स्पष्ट लिहा. पोहोच घ्या, तारीख जपून ठेवा. पुढचे ९० दिवस मोजायला ती लागेल.

३. माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत, असा नियम आहे, म्हणून थोडक्यात विचारा: या जागेच्या माती व भूजलातील विषारी घटकांची तपासणी झाली आहे का? झाली असल्यास अहवालाची प्रत द्यावी.

४. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्याची कागदपत्रे सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर असतात. शिकलेल्या मुलामुलींनी ती शोधून बैठकीत वाचून दाखवावीत.

५. पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी तपासणीचा अहवाल मराठीत मागा. अहवाल नसेल तर ‘तपासणीच्या अटीवर संमती’ असे लिहा.

तोवर घरात

जेवणाआधी आणि खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. चपला दाराबाहेर काढा. घर कोरडे झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. बॅटरी फोडणे किंवा तांब्यासाठी वायर जाळणे घरात, अंगणात करू नका. तसे काम करणाऱ्याने कपडे बदलूनच मुलाला जवळ घ्यावे. रसायनांची रिकामी पिंपे पिण्याच्या पाण्याला वापरू नका. भाजी लावायची तर विकतच्या चांगल्या मातीत, कुंडीत लावा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण शिसे किंवा आर्सेनिक जात नाही. अशा पाण्याची तपासणीच करावी लागते. नाचणी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये मुलांना द्या. शरीरात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते. शंका असेल तर सरकारी रुग्णालयात मुलाच्या रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल विचारा.

हे सर्व करूनही घरातल्या काळजीला मर्यादा आहे. आई कितीही वेळा हात धुवील, पण मूल ज्या जमिनीवर वाढते ती स्वच्छ करण्याचे काम एकट्या आईचे नाही. ती जबाबदारी जमीन खराब करणाऱ्याची आणि सरकारची आहे. पुढच्या बैठकीत घराच्या चौरस फुटांबरोबर मातीचा अहवालही मागा, आणि तो मागितल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्या.